कापण्यासाठी ठेवलेलं पद

शहराच्या कचेरीत, बजेटच्या खोलीत मी आठ वर्षं काढली आणि आठ वर्षांत एकच विद्या शिकले, दुसऱ्यानं मागितलेलं कापायची. आता फुशारकी नाही मारत. तेव्हा मारायची. सत्तरचं दशक होतं. खोलीत सगळे पुरुष आणि बाईमाणूस मी एकटी. रस्ते, पाणी, बांधकाम अशी गलेलठ्ठ खाती त्यांनी आपसात वाटून घेतलेली, आणि माझ्या टेबलावर काय, तर दवाखाने, सूतिकागृहं, बालवाड्या आणि मोकाट कुत्री. "तुम्हाले बायालेकरांचं जास्त समजते," असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. कुत्र्यांचं मला काय समजतं, ते कोणी सांगितलं नाही.

काम असं असायचं. दिवाळी झाली की एकेक खातं पुढच्या वर्षाचं मागणीपत्रक पाठवायचं. पलंग इतके, फिनाइल इतकं, माणसं इतकी. आम्ही ते मागच्या वर्षीच्या खर्चाशी ताडून पाहायचं, लाल पेन्सिलीनं कापायचं, आणि मग जानेवारीत मुख्य लेखापाल साहेब खात्याच्या प्रमुखाला समोर बसवून सुनावणी घ्यायचे. साहेबांचा एक नियम होता. तो कुठल्याही कायद्यात नव्हता, पण कायद्याहून पक्का होता. आहे त्या माणसांचे पगार सोडून जी काही नवी मागणी असेल तिच्यात दहा टक्के कापलेले दिसलेच पाहिजेत. फाइल न कापता वर गेली तर हे लोक नुसते खुर्च्या गरम करतात असं वरच्यांना वाटेल, म्हणे.

हे सगळ्या खात्यांना पाठ झालं होतं. मग ती काय करायची? कापून घेण्यासाठी म्हणूनच एक मागणी घालून ठेवायची. आमच्या खोलीत तिला बकरा म्हणत. पाणीवाले एक जीप मागायचे, बागवाले एक कारंजं मागायचे. जीप त्यांना नको असायची, कारंजं कोणाला हवं होतं? आम्ही तो बकरा हुडकायचा, त्याच्यावर रेघ ओढायची, साहेबांचे दहा टक्के भरून द्यायचे आणि बाकीची मागणी सहीसलामत पुढे जायची. मागणाऱ्याला ठाऊक, कापणाऱ्याला ठाऊक, आणि सुनावणीत दोघं तोंड पाडून बसणार. खरं सांगते, मला यात मजा यायची. फाइल उघडली की दोन मिनिटांत मी बकऱ्यावर बोट ठेवायची. शेजारच्या टेबलावरचे म्हणायचे, बाई, तुमची नजर खाटकाची आहे. आणि मी मेली खूश व्हायची!

माझ्या वाट्याच्या सूतिकागृहांपैकी एक कामठी रोडच्या अंगाला होतं, वीस खाटांचं. ज्यांच्या गाठीला पैसा होता त्या बायका धंतोलीतल्या खाजगी दवाखान्यांत जायच्या. उरलेल्या इथं. विडी वळणाऱ्या, रिक्षावाल्यांच्या, गिरणीतल्या माणसांच्या बायका, आणि माझ्यासारख्या कारकुनांच्या. या सूतिकागृहाच्या फाइलीतला बकरा वर्षानुवर्षं एकच होता. 'आया, पद एक, रोजंदारीवरून कायम करणे.' मी पहिल्या वर्षी तो कापला, दुसऱ्या वर्षी कापला, तिसऱ्या वर्षी तर वाचलाही नाही, नुसती रेघ मारली. नाव कुठं लिहिलेलं असतं? पद एक.

माझी धाकटी त्याच सूतिकागृहात झाली. बाळंतपण अडलं होतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत कळा, आणि डॉक्टरीणबाई दुसऱ्या बाईत गुंतलेल्या. माझ्याजवळ होती ती तिथली आया. बुटकी, काळीसावळी, दंडात ताकद असलेली बाई. "जोर लाव वं माय! आता कायले रडून राहिली? रडाले लई दिवस पडले हाय!" असं ती माझ्यावर खेकसत होती आणि मी तिला तोंडाला येईल ते बोलत होते. एका कळेला तर मी तिच्या मनगटाला कचकन चावले. तिनं हात ओढला नाही. पोर बाहेर आल्यावर मनगट पाहत म्हणाली, "दात मजबूत हाय बाईचे." तिचे हात मला अजून दिसतात. फिनाइलनं आणि उकळत्या पाण्यानं सोललेले, बोटांच्या पेरांवर चिरा. त्याच हातांनी तिनं पोरीला न्हाऊ घातलं, मला पुसलं, दहा दिवस माझं सगळं केलं. जाताना मी तिला पाच रुपये आणि एक ब्लाउजपीस दिलं आणि फेडलं असं समजून घरी आले.

त्यानंतरच्या जानेवारीत मी ते पद पुन्हा कापलं. फाइलीतली आया आणि माझ्या उशाशी बसलेली आया, या दोन गोष्टी माझ्या डोक्यात जोडल्याच गेल्या नाहीत. आज हे लिहितानाही लाज वाटते. इतकी कशी मी ठार आंधळी?

धाकटी दोन वर्षांची झाली त्या वर्षी सूतिकागृहाच्या मागणीत बकऱ्याशिवाय एक मोठी वस्तू होती, हत्यारं उकळायचं नवं यंत्र. जुनं खरंच निकामी झालंय की उगाच मागताहेत, ते पाहायला मी नोव्हेंबरात स्वतः गेले. यंत्र खरंच गेलेलं होतं. तळाला भोक पडलं होतं आणि चिमटे-कात्र्या स्टोव्हवर पातेल्यात उकळणं चालू होतं. त्या पावसाळ्यात बाळंतपणानंतर ताप चढून दोन बायका गेल्या होत्या. ते मला तिथल्या बडे बाबूनं सांगितलं. बडे बाबू म्हणजे तिथला मुख्य कारकून, मागणीपत्रकं लिहिणारा.

तेवढ्यात आयाबाई आल्या. मला पाहून थबकल्या आणि मग चेहरा फुलला. "पोट्टी कशी हाय बाई? दात आले का तिले, तुमच्यासारखे?" आम्ही दोघी खळखळून हसलो. त्या चहा सांगायला गेल्या आणि बडे बाबू माझ्याकडे झुकून डोळा बारीक करत म्हणाला, "ओळखलं का हिले? हाच आमचा बकरा!"

मला आधी कळलंच नाही.

"अहो, आयाचं पद! सहा वर्षं झाली, हिच्या नावावर आमचा कापूस निघते, आमचं फिनाइल निघते. तुम्हीच तर कापता." तो हसून राहिला होता. "पण आता यंदाचंच. जूनमध्ये हिले पंचेचाळीस लागते. वयाचा दाखला डॉक्टरनं दात पाहून देल्ला, त्याच्यावर तारीख हाय. पुढच्या वर्षी दुसरं नाव पाहा लागेल."

आमच्याकडे नियम होता, रोजंदारीवरच्या माणसाला कायम करायचं तर पंचेचाळिसाच्या आत. त्यानंतर नाही म्हणजे नाही. रोजंदारी म्हणजे ज्या दिवशी आलीस त्या दिवसाचे पैसे, आजारपण नाही, रजा नाही, पेन्शन नाही. नवरा वारला तेव्हा ही बाई तिसऱ्या दिवशी कामावर हजर होती, हेही बडे बाबूनंच कौतुकानं सांगितलं. मागे-पुढे कोणी नव्हतं तिला. हातपाय चालताहेत तोवर खायला मिळणार, आणि मग?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बडे बाबूला मी असं काही झापलं की त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तुम्हाला लाज कशी नाही वाटत, जित्या माणसाचा बकरा करता? त्याला बोलले, कारण स्वतःला बोलायची हिंमत नव्हती. रेघ तर माझीच होती ना, सहाच्या सहा! आणि मग त्याच रागाच्या भरात मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि आयाबाईंचा तो सोललेला हात धरून म्हणाले, "आयाबाई, यंदा तुमचं पद होतंय. मी कापत नाही."

"खरं बाई?"

"खरं."

"तुमच्या हातात हाय ते?"

"माझ्याच हातात आहे."

आयाबाईंनी पदरानं हात पुसले, पुन्हा एकदा पुसले, आणि त्या आत गेल्या. मी मात्र सायकल रिक्षात बसून राणीसारखी घरी आले. त्या रात्री जेवताना नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला की ऑफिसातल्या गोष्टी कोणाला आधी सांगू नयेत. मी त्याच्यावर डाफरले.

पद मी खरंच कापलं नाही. दोन बाकं कापली, एक भिंतीवरचं घड्याळ कापलं, खिडक्यांचे पडदे कापले आणि शेऱ्याच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात अर्धं पान लिहिलं. इतकी वर्षं सेवा, वयाची मर्यादा, मानवतेच्या दृष्टिकोनातून. वाचून मलाच गहिवर आला. आणि या सगळ्या गहिवरात मी ती गोष्ट विसरले जी आमच्या खोलीतल्या कालच्या पोरालाही ठाऊक होती. बकरा वाचवायचा असेल तर आधी दुसरा बकरा बांधून ठेवावा लागतो! पुरवणी मागणी पाठवायला डिसेंबर अर्धा बाकी होता. बडे बाबूला एक फोन केला असता, बाबा, एक रुग्णवाहिका मागून टाक, तर काम झालं असतं. मी रुग्णवाहिका कापली असती, दहा टक्के भरले असते आणि आयाचं पद गुपचूप पुढे सरकलं असतं. पण ज्या माणसाला मी झापलं होतं त्याला फोन कोण करणार? आणि खरं म्हणजे सुचलंच नाही. बकरे हुडकण्यात हुशार असलेल्या बाईला बकरा बांधायचं सुचलं नाही.

संक्रांतीला आयाबाईंनी बडे बाबूच्या हाती तिळाच्या वड्या पाठवल्या. मी सगळ्या टेबलांवर वाटल्या.

चारच दिवसांनी सुनावणी झाली. थंडी कडाक्याची होती. साहेब कोटावर शाल घेऊन बसले होते. समोर सूतिकागृहाच्या डॉक्टरीणबाई, किडकिडीत, रात्रपाळी करून आलेल्या, डोळ्यांखाली काळं. साहेबांनी फाइल चाळली, माझं अर्धं पान नुसतं वरून खाली पाहिलं आणि म्हणाले, "बाई, यात कापलं काय तुम्ही? चार टक्के. बाकीचे सहा मी घरून आणू का?"

"साहेब, आयाचं पद सहा वर्षांपासून मागताहेत. यंदा झालं नाही तर तिचं वय संपतं."

"वय कोणाचं संपत नाही?" साहेब हसले आणि डॉक्टरीणबाईंकडे वळले. "डॉक्टरबाई, तुम्हीच सांगा. यंत्र पाहिजे का आया? दोन्ही नाही होत."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "यंत्र. आयाचं पद तर आम्ही कापायलाच ठेवतो. तुमच्या ऑफिसला ठाऊक नाही का?"

त्या दुष्टपणानं नाही बोलल्या. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. दोन बायका त्यांच्या हाताखाली तापानं फणफणून गेल्या होत्या आणि त्या यंत्र मागत होत्या. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. म्हणून त्यांच्यावर रागावताही येईना, आणि राग तर असा आला होता की कानशिलं तडतडत होती. मग तो कुठं निघाला? साहेबांवर.

"सभागृहाला मखमली पडदे घ्यायला पैसे आहेत! परवा बांधकामच्या फाइलीत पास केले तुम्ही. ते कापा ना!"

साहेब चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "पडदे तुमच्या फाइलीत आहेत का?"

"नाहीत."

"मग बसा. आणि ही पेन्सिल घ्या. तुमची फाइल आहे, तुम्हीच कापा."

पेन्सिल त्यांच्या तोंडावर फेकली, उठून चालू लागले, असं मी पुढे कितीतरी वर्षं मनाशी रंगवत आले. झालं ते असं, की मी पेन्सिल घेतली आणि रेघ मारली. रेघ वाकडी आली. मी पट्टी धरून तिच्यावर पुन्हा सरळ मारली आणि खाली सही केली. नोकरी होती. घरी दोन लेकरं होती. ही कारणं खरी आहेत, आणि ती मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की आता त्यांचा वीट आला आहे.

आयाबाईंना कोण सांगणार? बडे बाबूला विचारलं तर म्हणाला, सांगाचं काय त्याच्यात, दरवर्षीचंच हाय. तेव्हा शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मीच गेले. वाटभर वाक्यं जुळवत होते. त्या मागच्या अंगणात चादरी पिळत होत्या. मला पाहिलं, चादर तशीच हातात धरून उभ्या राहिल्या, आणि माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं असणार. तरी मी बोलले. साहेब अडून बसले, यंत्र फार गरजेचं होतं, पुढच्या वर्षी मी पुन्हा घालते. हो, पुढच्या वर्षी म्हणाले मी! तोंडातून निघून गेलं.

"पुढच्या वर्षी माह्यं वय नाही ना बाई," त्या म्हणाल्या.

त्यांनी चादर झटकली आणि दोरीवर टाकली, कोपरे नीट ओढले.

"माह्यं नाव कापाले टाकते, ते मले मालूम हाय. बडे बाबूनं पयल्याच साली सांगतलं होतं. आयाबाई, तुह्या नावानं कापूस येते. मी म्हटलं, येऊ दे. बायालेच लागते तो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सहा साल मालूम हाय. सहा साल मी काही आस नाही धरली. यंदा धरली. तुम्ही सांगतलं म्हनून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या सहा रेघांसाठी मी रात्र-रात्र तळमळले होते, त्यांनी या बाईचं काही बिघडवलं नव्हतं. तिनं कधी काही मागितलंच नव्हतं माझ्याकडे. जे काही केलं ते मी व्हरांड्यात तिचा हात धरून केलं.

"कायम मानसाले बाहेरचं काम चालत नाही म्हनते," त्या पुढे म्हणाल्या, जसं काही हिशेबाचं सांगावं तसं. "म्हनून मालिशचे दोन घरं होते माह्याकडे, बाळंतिनीचे, ते सोडले मी. संक्रांतीलेच सोडले. काल गेली होती पुसाले, परत ठेवता का म्हनून. तिथं दुसरी लागली."

मी पर्स उघडली. आत किती होते ते आठवत नाही. काढायच्या आधीच त्यांनी ओला हात माझ्या पर्सवर ठेवला.

"ते राहू द्या. तुम्ही कोनतं वाईट मनानं केलं?" मग त्यांनी बादली जवळ ओढली. "येक सांगू का बाई? राग नोका मानू."

"सांगा."

"पुन्हा कोनाले असं सांगत जाऊ नोका."

आतून कोणीतरी कळांनी ओरडलं. त्यांनी बादली उचलली आणि त्या आत गेल्या.